पत्र्याच्या हॉर्नमधून हायड्रोजन पकडायचाय : मार्गदर्शन हवं

मलप्रभाकाठचा मास्तर
खानापूर तालुका | ७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव.

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात विश्वाबद्दल बोलताना मी म्हणून गेलो, की विश्वातल्या एकूण ऊर्जेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास कृष्ण ऊर्जा आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, ती दिसत नाही, हाताला लागत नाही, मग ७० हा आकडा मोजला कशानं?" मी १९९८ सालची गोष्ट सांगितली. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले, त्यावरून विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं, ज्या अज्ञात कारणानं ते वेग घेतंय त्यालाच कृष्ण ऊर्जा म्हणतात, आणि २०११ मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एकाच मापावर विश्वास ठेवायचा? आमची आजी धान्य दोनदा मोजते."

तेव्हापासून रोज रात्री वाचत बसलोय. वाचता वाचता कळलं, की रेडिओ दुर्बिणींचे मोठमोठे समूह बांधून विश्वातल्या हायड्रोजनचा नकाशा काढायचं काम चालू आहे आणि त्या नकाशातून कृष्ण ऊर्जेचं दुसरं माप मिळणार आहे. पण हे नववीच्या पोरांना समजेल असं सांगायला मला जमेना. शिवाय आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन घरगुती पत्र्याच्या हॉर्नमधूनही, म्हणजे कर्ण्यासारख्या अँटेनातूनही, पकडता येतो, असं वाचलं. पोरांना हायड्रोजनचा आवाज ऐकवायची फार इच्छा आहे. बेळगाव भागात कुणी हे केलंय का? खर्च, माप, जागा, काहीही सांगा.

वायरमन मामा
चिक्कोडी | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ओ सर, चांगलं काम करालाय बघा. मी गेली वीस वर्षं डिश बसवतोय, पत्र्याचं आणि वायरचं काम माझ्याकडं लागलं. पण मला एक कळंना. बाहेरच्या देशात एवढ्या छोट्या छोट्या डिश शेकड्यानं मांडतात म्हणं. त्यापेक्षा एकच दांडगी डिश का बांधत नाहीत?

टिळकवाडी ते पुणे
८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सर, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. मी मूळची टिळकवाडीची. रेडिओ खगोलशास्त्रात काही वर्षं काम केलं, आता पुण्यात शिकवते. सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या जिवाचा आहे.

आधी एक दुरुस्ती. हा आवाज नाही, रेडिओ लहर आहे. यंत्रातून ती खरखरीसारखी ऐकवता येते, पण पोरांना स्पीकरपेक्षा आलेख दाखवा. त्या खरखरीमध्ये हायड्रोजन वेगळा ओळखू येत नाही, आलेखात उंचवटा स्पष्ट दिसतो.

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही गिरकीसारखा एक गुण असतो. दोघांची गिरकी एका दिशेला असेल तर अणूत थोडी जास्त ऊर्जा असते. इलेक्ट्रॉननं दिशा पालटली की ती जास्तीची ऊर्जा लहर होऊन बाहेर पडते. तिची लांबी २१ सेंमी, कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, १४२०.४ मेगाहर्ट्झ. एकट्या अणूला ही कोलांटी मारायला सरासरी १ कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो! पण आकाशगंगेत अणूच इतके आहेत, की कुठं ना कुठं ती सतत घडत असते. व्हॅन डी हुल्स्ट या डच तरुणानं १९४४ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कागदावर हे भाकीत केलं. मार्च १९५१ मध्ये हार्वर्डला युवेन आणि पर्सेल यांनी ती लहर पकडली. कशानं पकडली माहीत आहे? प्लायवूडला आतून तांब्याचा पत्रा मारलेला एक हॉर्न प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढला होता. तुम्ही जे करायला निघालात त्याचीच ही थोरली बहीण.

आता कृष्ण ऊर्जेशी संबंध. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लहर प्रवासात ताणली जाते. ती निघाल्यापासून विश्व दुप्पट ताणलं गेलं असेल तर २१ ची लांबी ४२ होते आणि कंप्रता १४२० ची ७१०. म्हणजे कुठल्या कंप्रतेवर हायड्रोजन सापडला, त्यावरून तो किती जुन्या काळातला ते कळतं. रेडिओची सुई डावीकडं सरकवत जावी तसं आपण भूतकाळात मागं मागं जातो. प्रत्येक कंप्रतेला त्या त्या काळाचा एक पापुद्रा मिळतो आणि पापुद्र्यावर पापुद्रा रचला की त्रिमितीय नकाशा तयार होतो.

मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी. आता तासाला जायचंय.

निपाणीकर
८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

ताई, फार छान. मी गेल्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन आलो. निपाणीहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. त्या दिवसांत तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते. तिथल्या डिश बघून आधी वाटलं काम अर्धवट राहिलंय, कारण आरपार आकाश दिसतं. भरीव पत्रा नाहीच, स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडासारख्या तारांवर ताणलेली. २१ सेंमीच्या लहरीला सेंटीमीटरभराची भोकं जाणवतच नाहीत, म्हणून जाळी चालते. वजन कमी होतं, वाराही निघून जातो. एकेक डिश ४५ मीटर व्यासाची आणि अशा ३०. चौदा मधोमध, बाकीच्या इंग्रजी वाय आकारात लांब पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या रानात ती पांढरी डिश वळताना बघितली तेव्हा मला बोलायला सुचेना.

टिळकवाडी ते पुणे
८ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

मामा, तुमचा प्रश्न. एकच मोठी डिश वळवणं, तोलणं अवघड आणि ती आकाशाचा अगदी छोटा तुकडा बघते. लहान डिश पुष्कळ मांडल्या तर प्रत्येक डिश आकाशाचा मोठा भाग बघते आणि दोन-दोनच्या जोडीनं त्यांचे संदेश पडताळले की बारकावाही मिळतो. लहर एका डिशला किती आधी पोचली, दुसरीला किती उशिरा, त्या फरकातून दिशा कळते. खोडदच्या ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. जवळच्या जोड्या मोठी आकृती दाखवतात, लांबच्या जोड्या बारीक.

कॅनडातल्या पेंटिक्टनजवळची चाइम ही दुर्बीण याहून वेगळी. तिथं डिशच नाहीत. पावसाचं पाणी वाहून न्यायला अर्धगोल पन्हाळ लावतो ना, तशी १०० मीटर लांब, २० मीटर रुंद चार लोखंडी पन्हाळं उत्तर-दक्षिण ठेवलीत. काहीही हलत नाही. पृथ्वी फिरते तसं आकाश वरून सरकत जातं. पन्हाळांच्या वर लहर पकडणारे १०२४ अँटेना, प्रत्येकातून दोन संदेश. जोड्या मोजा : वीस लाखांवर! दुर्बिणीचं खरं डोकं शेजारच्या संगणकांत असतं. ती ४०० ते ८०० मेगाहर्ट्झ ऐकते, म्हणजे साधारण ७०० कोटी ते १,१०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन. दक्षिण आफ्रिकेत हायरॅक्स ही दुर्बीण ६ मीटरच्या पुष्कळ डिश दाटीनं मांडून याच पट्ट्यात काम करणार आहे.

पन्हाळीचा प्रकार आपल्या देशाला नवा नाही. उटीला १९७० पासून ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद पन्हाळीसारखी दुर्बीण डोंगराच्या उतारावर उभी आहे. उतार असा निवडला, की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर यावा. त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवली की तारा तासन्‌तास पकडून ठेवता येतो. गोविंद स्वरूप यांची कल्पना, आणि खोडदही त्यांचंच.

आता महत्त्वाचं. या दुर्बिणी एकेक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा एकेक समूह, वेगळी बघतच नाहीत. राजहंसगडावर रात्री गेलात तर बेळगाव कसं दिसतं? कुठला दिवा कुणाच्या घरातला ते कळत नाही, पण शहापूर, वडगाव दाट उजळलेलं, मधे शेतांचा काळोख, रस्त्याची रेघ, हे सगळं कळतं. तसंच हे. शेकडो दीर्घिकांचा हायड्रोजन एकत्र उजेडासारखा मोजायचा. दिव्याची गणती सोडली की गावाचा नकाशा फार लवकर निघतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीनं ही पद्धत चालते हे पहिल्यांदा दाखवलं.

हलशीची सून
८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

ताई, नकाशा निघतो हे समजलं. पण नकाशातून कृष्ण ऊर्जा कशी मोजणार? माझी मुलगी दहावीला आहे, दोघी मिळून वाचतोय. ती कन्नड माध्यमात शिकते, तिथं हायड्रोजनला जलजनक म्हणतात. पाण्याला जन्म देणारा. मला ते नाव इतकं आवडलं, की आता घरात आम्ही तेच म्हणतो.

टिळकवाडी ते पुणे
८ नोव्हेंबर, रात्री १०:४५

जलजनक! किती सुंदर. सर, पोरांना दोन्ही नावं सांगा.

वहिनी, तुमच्याकडं भाताची लावण होते. काही शेतकरी गाठी मारलेली दोरी ताणून प्रत्येक गाठीला रोप लावतात, बाकीचे हाताच्या अंदाजानं. समजा एका मोठ्या माळावर बहुतेकांनी अंदाजानं लावलंय आणि थोड्यांनी दोरीनं. वरून बघितलं तर सगळं विस्कळीतच दिसेल. पण लाखो रोपांची दोन-दोनमधली अंतरं मोजली, तर गाठीएवढ्या अंतरावर असलेल्या जोड्या इतरांपेक्षा किंचित जास्त निघतील. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, मोजणीतूनच दिसेल.

विश्वात ती दोरी आपोआप ताणली गेली. सुरुवातीची सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व तापलेल्या वायूनं आणि प्रकाशानं भरलेलं होतं. त्यात दाबाच्या लाटा, म्हणजे खरोखरच ध्वनीच्या लाटा, दाट ठिकाणांपासून बाहेर पसरत होत्या. विश्व थंड होऊन अणू तयार झाले तशा त्या जागच्या जागी थिजल्या. जिथपर्यंत पोचल्या होत्या तिथं द्रव्य किंचित जास्त साचलं. विश्व ताणत गेलं तसं ते अंतरही ताणलं गेलं आणि आज ते सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं आहे. २००५ मध्ये दीर्घिकांच्या सर्वेक्षणांतून ही गाठ प्रत्यक्ष सापडली.

आता समजा लावण झाल्यावर जमीनच ताणली जात असती. जवळच्या रानात आणि लांबच्या रानात गाठींमधलं अंतर किती दिसतं ते बघितलं, की जमीन कधी किती ताणली ते कळलं असतं. तसंच प्रत्येक काळाच्या पापुद्र्यात ही गाठ किती मोठी दिसते ते मोजायचं. आधी प्रसरण मंदावत होतं. सुमारे ५०० ते ६०० कोटी वर्षांपूर्वी ते उलटं वेग घेऊ लागलं. त्या वळणाच्या आधीपासून आजपर्यंतचा सगळा हिशेब मिळाला, की कृष्ण ऊर्जा कायम तेवढीच आहे की बदलतेय हे ठरवता येईल. हे तुमच्या विद्यार्थिनीच्या आजीचं दुसरं माप, सर.

मलप्रभाकाठचा मास्तर
९ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ताई, हे वाचून रात्री झोप आली नाही. आमच्या पोरांनी लावण स्वतः केलीय. त्यांना हे सांगायला मला अर्धा तासही लागणार नाही.

येळ्ळूरचा
९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

सगळं वाचलं, आवडलं. पण मनातलं बोलतो. आमच्या भागातल्या कितीतरी मराठी शाळांत पावसाळ्यात वर्गात पाणी गळतं, शिक्षक कमी, पटसंख्या घसरतेय. जगातल्या सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बीण प्रकल्पासाठी, एसकेएसाठी, आपल्या केंद्र सरकारनं १,२५० कोटी मंजूर केलेत. हे पैसे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या गाठीवर घालायचे का? मी कुणाला दुखवायला लिहीत नाही. मला खरंच उत्तर हवंय.

मलप्रभाकाठचा मास्तर
९ नोव्हेंबर, रात्री ९:००

दादा, तुमचा प्रश्न मला लागला, कारण आमच्याही एका वर्गात बादली ठेवावी लागते. छप्पर व्हायलाच हवं आणि त्यासाठी मी अर्ज करतोय, करत राहीन. पण छप्पर झाल्यावर त्याच्या खाली काय शिकवायचं? गेली कित्येक वर्षं मी बघतोय, सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या पोराला घरापासून रस्त्यापर्यंत सगळे सांगतात, की तुझ्या भाषेत पुढं काही नाही. त्या मुलीनं मराठीत जो प्रश्न विचारला तो जगातले मोठे शास्त्रज्ञ आज विचारत आहेत. तो प्रश्न तिचा राहावा एवढंच मला वाटतं.

टिळकवाडी ते पुणे
९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

दादा, पैशाबद्दल एवढं सांगते. आपल्याकडं हे शास्त्र सुरू झालं ते ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलच्या वापरून झालेल्या ३२ डिशवर. प्रत्येकी १.८ मीटरच्या. त्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या. त्यातून उटी झाली, उटीतून खोडद. खोडदच्या डिशची तारजाळीची रचना कमी पैशात कसं होईल या विचारातूनच निघाली. एसकेएच्या दक्षिण आफ्रिकेत १९७ डिश आणि ऑस्ट्रेलियात १ लाख ३१ हजारांवर छोटे अँटेना उभे राहतायत. ते सगळं एकत्र चालवणाऱ्या नियंत्रण प्रणालीच्या कामात पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राचा मोठा वाटा आहे. यात सर्वांत जास्त लागतात ते इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरवाले. बेळगावात अभियांत्रिकीची एवढी मुलं शिकतात, त्यांच्यासाठी हे दार आहे.

आणि खोडदनं काय मिळवलं तेही बघा. २०२० मध्ये तिथल्या गटानं ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती हायड्रोजन होता ते मोजलं. एकेका दीर्घिकेचा संदेश खरखरीत बुडालेला. सगळ्यांचा मिळून उंचवटा उभा राहिला. इतक्या लांबवर तोपर्यंत हे कुणाला जमलं नव्हतं.

येळ्ळूरचा
१० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

उत्तर पोचलं. छपराच्या अर्जाला माझी काही मदत लागली तर व्यक्तिगत निरोप टाका, सर. माझी पत्र्याची शेड बांधायची कामं चालतात.

वायरमन मामा
१० नोव्हेंबर, रात्री ९:३०

सर, जागेचं मी सांगतो. खानापूर भागात गव्यांसाठी, डुकरांसाठी रानाभोवती झटका मशीन लावलेली असते. मिडीयम वेव्हवर सांगली केंद्र लावून बघा, सेकंदाला एक टिक्‌ टिक्‌ ऐकू येतो. एलईडी बल्बचे स्वस्तातले ड्रायव्हर, पंपाचे स्टार्टर, हे सगळं खरखर घालतं. मग हे मोठे दुर्बीणवाले मोबाईल टॉवरच्या युगात काय करत असतील?

टिळकवाडी ते पुणे
१० नोव्हेंबर, रात्री १०:५०

मामा, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथं कुणी प्रसारण करायचं नाही. म्हणून सरांचा हॉर्न गावातही चालेल. पण जुना हायड्रोजन ताणून खाली येतो आणि राखीव पट्ट्याच्या बाहेर पडतो. ५०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन नेमका ९५० मेगाहर्ट्झच्या आसपास, मोबाईलच्या पट्ट्यात. त्याहून जुना टीव्हीच्या पट्ट्यात. अगदी पहिले तारे पेटले त्या काळातला एफएमच्या आसपास. विश्वाला काय ठाऊक, की आपण तिथं गाणी लावणार आहोत! म्हणून या दुर्बिणी दक्षिण आफ्रिकेच्या कारूत, ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात जातात. खोडदची जागाही डोंगरांच्या आडोशामुळं निवडली, आणि तिथून जाणाऱ्या पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीला याच कारणानं अडचण आली.

दुसरी अडचण माणसाची नाही, आकाशाची आहे. आपली आकाशगंगाच या कंप्रतांवर हायड्रोजनच्या चढउतारांपेक्षा दहा हजार ते लाख पट तेजस्वी आहे. मग वेगळं कसं करायचं? आकाशगंगेची चमक कंप्रतेनुसार अगदी सलग बदलते, तंबोऱ्याच्या सुरासारखी. हायड्रोजन मात्र पापुद्र्यागणिक कमीजास्त, तबल्याच्या बारीक थापेसारखा. सलग सूर वजा केला की थाप उरते. पण तंबोऱ्याचीच एक तार किंचित किणकिणली तर? यंत्रातल्या केबलमध्ये लहर थोडी परत फिरली तरी खोट्या थापा उमटतात. मी दोन वर्षं याच खोट्या थापा ओळखण्यात घालवली. चाइमनं आणि दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट या डिशच्या समूहानं हायड्रोजन पकडून दाखवलाय, चाइमनं आधी ज्ञात दीर्घिकांच्या यादीशी ताडून. पण गाठ मोजण्याइतकी अचूकता यायला अजून कष्ट आहेत.

निपाणीकर
११ नोव्हेंबर, सकाळी १०:००

ताई, पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजन २०१८ मध्येच ऑस्ट्रेलियात सापडला ना? ७८ मेगाहर्ट्झवर? मी खोडदला एका फलकावर काहीतरी वाचल्यासारखं आठवतंय.

टिळकवाडी ते पुणे
११ नोव्हेंबर, दुपारी २:३०

दादा, तसा दावा झाला होता. आणि तो तपासला आपल्याच कर्नाटकात. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेनं सारस नावाचा एकच छोटा अँटेना बनवला. जमिनीच्या पोटात मातीचे थर, दगड, ओल सगळं वेगवेगळं, त्यातून परत येणारी लहर मापात गोंधळ करते. म्हणून त्यांनी अँटेना तराफ्यावर ठेवून पाण्यावर सोडला. २०२० च्या सुरुवातीला दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये. २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की तो दावा आपल्या मापात दिसत नाही. आपण जोग बघायला जातो त्याच शरावतीच्या पाण्यावर विश्वाच्या पहाटेची झडती झाली. हे मी वर्गात सांगते तेव्हा दरवेळी अंगावर काटा येतो.

हलशीची सून
११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मुलीचा प्रश्न : कृष्ण ऊर्जा बदलतेय की नाही याचं आजचं उत्तर काय?

टिळकवाडी ते पुणे
११ नोव्हेंबर, रात्री ९:५५

अमेरिकेतल्या किट पीकच्या दुर्बिणीवर डेसी नावाचं उपकरण आहे, ५,००० प्रकाशतंतूंचं. ते दीर्घिकांचा प्रकाश वापरून हीच गाठ मोजतं. २०२४ आणि २०२५ च्या निकालांत कृष्ण ऊर्जा काळानुसार थोडी कमकुवत होत असावी असा इशारा मिळाला. शोध म्हणावा एवढा तो पक्का नाही. म्हणूनच प्रकाशापेक्षा अगदी वेगळ्या मार्गानं, हायड्रोजननं मोजणं आता जास्त गरजेचं झालंय. दोन्ही मार्गांच्या चुका वेगळ्या असतात. दोन्हींतून एकच उत्तर आलं तर ते खरं.

मलप्रभाकाठचा मास्तर
१६ नोव्हेंबर, रात्री ८:४५

कामाला लागलोय. १५ किलोचा तेलाचा डबा मागचा भाग म्हणून वापरू का?

टिळकवाडी ते पुणे
१६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

तो फार रुंद पडतो, लहर आत वेगवेगळ्या तऱ्हांनी धावते आणि माप बिघडतं. पत्रेवाल्याकडून चौकोनी नळी करून घ्या. आतून रुंद बाजू साडेसोळा सेंमी, अरुंद सव्वाआठ, लांबी ३० च्या आसपास, एक तोंड बंद. बंद तोंडापासून ७ सेंमीवर रुंद भिंतीच्या मधोमध भोक पाडून आत तांब्याची सव्वापाच सेंमीची काडी. उघड्या तोंडाला पसरट हॉर्न जोडा, तोंड ७५ बाय ६०. सांधे आतून ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं बंद. काडीला लगेच १४२० चा गाळणीवाला ॲम्प्लिफायर, मग केबल, मग युएसबीचा रिसीव्हर.

मलप्रभाकाठचा मास्तर
७ डिसेंबर, रात्री ११:१५

तीन रात्री काही मिळालं नाही. आलेख सपाट. पोरं थंडीत बसून घरी गेली. मला फार वाईट वाटतंय.

वायरमन मामा
७ डिसेंबर, रात्री ११:४०

सर, ॲम्प्लिफायरला करंट कुठनं देताय? डिशच्या एलएनबीला जसा केबलमधनंच जातो तसाच याला द्यावा लागत असंल. मीटर लावून बघा, काडीजवळच्या टोकाला व्होल्ट येतोय का.

मलप्रभाकाठचा मास्तर
८ डिसेंबर, सकाळी ७:२०

मामा, शून्य व्होल्ट होता! रिसीव्हरमधून केबलवर पाच व्होल्ट सोडायचं बटण सॉफ्टवेअरमध्ये चालूच केलं नव्हतं. तुमचे पाय धरायला चिक्कोडीला येतो.

मलप्रभाकाठचा मास्तर
१४ डिसेंबर, रात्री ११:५०

मिळाला.

गावाबाहेरच्या सड्यावर बसलो होतो, अकरा पोरं आणि तिघांचे पालक. साडेसातला हॉर्न उत्तरेला, निम्म्या उंचीवर, आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या शर्मिष्ठा तारकासमूहाकडं रोखला. दहा मिनिटांची सरासरी घेतली. मग आकाशगंगेपासून लांब दुसरीकडं रोखून दहा मिनिटं, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागलं. पडद्यावर १४२०.४ च्या जवळ एक उंचवटा उभा राहिला आणि त्याच्या उजवीकडं अजून एक, थोडा बुटका. कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

सेकंदाला एक किलोमीटर वेगामागं कंप्रता ४.७ किलोहर्ट्झ बदलते या हिशेबानं मुलांनी वहीवर गणित केलं. दुसरा उंचवटा मूळ कंप्रतेच्या १८० किलोहर्ट्झ वर, म्हणजे तो हायड्रोजन सेकंदाला ३८ किलोमीटर वेगानं आपल्याकडं येतोय. बरोबर आहे का ताई? सगळा खर्च साडेनऊ हजार झाला, त्यातला निम्मा पालकांनी उचलला.

टिळकवाडी ते पुणे
१५ डिसेंबर, सकाळी ६:१०

सर, डोळ्यांत पाणी आलं. बरोबर आहे. पहिला उंचवटा आपल्या शेजारच्या वायूचा, दुसरा ययाती भुजेचा, आकाशगंगेच्या पुढच्या सर्पिल भुजेचा. डिसेंबरात पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्या बाजूपासून लांब जात असते, म्हणून वेग थोडा कमी दिसतो. सूर्याचीही स्वतःची चाल आहे, ती थोडी उलट पडते. दोन्ही धरून ४५ च्या आसपास येईल. हीच लहर ताणून ताणून तिची कंप्रता अर्ध्यावर आणली की चाइम आणि खोडद जे ऐकतात ते मिळतं. अणू तोच, कोलांटी तीच.

हलशीची सून
१५ डिसेंबर, सकाळी ९:००

मुलगी विचारतेय, दुसऱ्या उंचवट्यातली लहर तिथून कधी निघाली?

टिळकवाडी ते पुणे
१५ डिसेंबर, सकाळी ९:२५

सहा-सात हजार वर्षांपूर्वी. तेव्हा इथं कुणी लोखंडसुद्धा गाळत नव्हतं.

मलप्रभाकाठचा मास्तर
१५ डिसेंबर, रात्री ८:३०

मागच्या बाकावरच्या मुलीनं आज आजीला आलेख नेऊन दाखवला. आजीनं विचारलं, "परत मोजलंस का?" म्हणून उद्या पुन्हा सड्यावर जातोय. पोरांना आता दोन हॉर्न जोडून जोडी करायची आहे. ताई, दोन्ही रिसीव्हरना एकच घड्याळ लागतं असं वाचलं, ते कसं करायचं सांगा.

वायरमन मामा
१५ डिसेंबर, रात्री ९:०५

दुसऱ्या हॉर्नचं माप मी इथल्या पत्रेवाल्याला आज दिलंय सर. शनिवारी घेऊन येतो. हलशीच्या पोरीलाही बोलवा.